शाळेच्या बाकांचं टेंडर

सत्तरच्या दशकात मी पिंपरीला नगरपालिकेच्या कचेरीत कारकून होते. शाळांसाठी बाक घ्यायचे होते. टेंडरचे लखोटे साहेब सगळ्यांसमोर फोडत, दर मोठ्याने वाचत आणि मी ते तक्त्यात उतरवून घेई.

चौथा लखोटा फुटला आणि माझं लक्ष कागदावरच्या अक्षराकडे गेलं. ते माझ्या धाकट्या बहिणीचं होतं. खाली वडिलांची सही. दापोडीत त्यांचं सुतारकामाचं दुकान होतं. पण टेंडर भरल्याचं घरात मला कोणीच सांगितलं नव्हतं.

मी पेन खाली ठेवलं. "साहेब, हे माझे वडील आहेत. तक्ता दुसऱ्या कोणाकडे तरी द्या."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं सांगितलंत," म्हणाले आणि तक्ता स्वतःकडे ओढून घेतला. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

संध्याकाळी घरी गेल्यावर विचारलं, "बाबा, मला सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुला तिथं बसणं अवघड झालं असतं."

"ते तसंही झालंच."

ते ओशाळले. "एवढं माझ्या लक्षातच आलं नाही बघ."

आठवड्याने सगळ्यांचे नमुन्याचे बाक कचेरीत आले. ज्यांचा नमुना पसंत पडेल त्यांच्यात ज्याचा दर सगळ्यांत कमी, त्याला काम, असं ठरलेलं होतं. तीन धिप्पाड शिपाई एकेका बाकावर बसून हलून बघत होते. सगळ्यांत स्वस्त बाकाचे पाय फाकले; तो बाद झाला. बाबांचा बाक जागचा हलला नाही. पण चिंचवडच्या एका सुताराचाही हलला नाही, आणि त्याचा दर बाबांपेक्षा कमी होता. काम त्याला गेलं.

नमुना परत न्यायला बाबा हातगाडी घेऊन आले. आधी वाकून त्यांनी त्या दुसऱ्या बाकाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला.

"हात चांगला आहे याचा," म्हणाले. "मी फळी उगाच जाड धरली. दर तिथंच वाढला."

"वाईट वाटलं?"

"वाटलं की. पण पोरं नीट बसतील यावर."

ते बाक उचलायला वाकले तसं मी दुसरं टोक धरलं. सगळी कचेरी बघत होती.

"सोड, साडी खराब होईल," ते म्हणाले.

मी सोडलं नाही. दोघांनी मिळून तो गाडीवर चढवला.