आडनावासगट

माईकसमोर आले की ते आधी चष्मा काढायचे, सदऱ्याच्या टोकाने पुसायचे, पुन्हा लावायचे आणि सभागृहाकडे एकदा नीट बघून म्हणायचे, "आता मी फार वेळ घेणार नाही." त्यानंतर वीस मिनिटं घ्यायचे.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस तुम्ही पाहिला असेल. व्याख्यान संपतं, पाहुण्यांना शाल-श्रीफळ देऊन होतं, लोक चपला शोधायला लागतात, तेव्हा ज्याची पाळी येते तो आभार मानणारा. परभणीतल्या आमच्या वाचनालयात ते काम वीसेक वर्षं यांच्याकडे होतं. मूळचे सोनपेठकडचे, पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मी तिथला ग्रंथपाल.

त्यांची तयारी दुपारीच सुरू व्हायची. हातात पाठकोरा कागद घेऊन ते मंडपवाल्याकडे जात, माईकवाल्याकडे जात, सतरंज्या अंथरणाऱ्यांना थांबवत. "नाव काय म्हणलं तुमचं? आडनावासगट सांगा." माईकवरची त्यांची भाषा पुस्तकी, माईकखालची अस्सल सोनपेठची. वाचनालय झाडणाऱ्या कौसाबाईंचं नाव त्यांनी पहिल्यांदा माईकवर घेतलं, तेव्हा कौसाबाई दाराआड पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "साहेब, माझं आडनाव लय दिवसांनी ऐकलं."

एकदा वक्त्यांची बस देवगाव फाट्याला बंद पडली. हे स्कूटर काढून गेले आणि पाहुण्यांना मागे बसवून घेऊन आले. आभार मानताना त्यांनी बसच्या ड्रायव्हरचंही नाव घेतलं. त्यांची बस बंद पडली म्हणून मला पाहुण्यांचा तासभर सहवास लाभला, म्हणाले. लोक हसले. लोक का हसले ते यांना कळलं नाही. ते मनापासूनच बोलले होते.

सगळे वक्ते जेवायला त्यांच्याच घरी असत, आणि त्यांच्यासोबत गावातली पाच-दहा माणसंही. त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, ज्वारीच्या भाकरी थापायच्या, वांग्याची भाजी करायच्या. पाहुण्यांची पानं वाढायची म्हणून काकूंना स्वतः कार्यक्रमाला कधी येता आलं नाही. मी एकदा त्यांना विचारलं, सगळ्या गावाचे आभार मानता, काकूंचे कधी मानत नाही. ते चकित झाले.

"घरच्या माणसाचे आभार मानत्यात का कुठं? परकं केल्यावानी व्हतं."

मग काकूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आता भाकरी ते करू लागले. वाचनालयातून पुस्तकं न्यायचे, दुपारी काकूंना वाचून दाखवायचे आणि पुस्तक परत करताना काकूंचं मत मला सांगायचे. "तिला शेवट न्हाई पटला," असं. मी भेटायला गेलो तेव्हा काकू एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "मला एकदा यांचं ऐकायचंय. लोक लय चांगलं म्हणत्यात."

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, औंदा व्याख्यानमालेच्या शेवटच्या दिवशी हिला घेऊन येतो.

त्याच वर्षी कार्यकारिणीत ठरलं की आभार फार लांबतात, लोक कंटाळतात, निवेदिकाच दोन वाक्यांत उरकेल. त्या बैठकीत मी होतो. मी काही बोललो नाही. पत्रिकेचं प्रूफही मीच तपासलं. त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं आणि मी ते आज नको, उद्या करू, असं करत गेलो. शेवटी पत्रिका घरी पाठवून दिली. वाटलं, वाचतील, समजून घेतील. पण इतक्या वर्षांत पत्रिकेत आपलं नाव शोधायची त्यांना गरजच पडली नव्हती.

शेवटच्या दिवशी ते काकूंना रिक्षाने घेऊन आले. काकूंनी मोरपंखी लुगडं नेसलं होतं. वाचनालयाला पाच पायऱ्या आहेत. चार जणांनी चाकाची खुर्ची उचलून वर आणली. त्या चौघांना त्यांनी तिथेच थांबवलं, नावं विचारली आणि कागदावर लिहून घेतली. मी दारात उभा राहून ते बघत होतो. तेव्हाही सांगता आलं असतं.

व्याख्यान संपलं. पाहुण्यांना शाल दिली गेली. त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. निवेदिकेने सर्वांचे आभार मानले आणि चहापानासाठी थांबण्याची विनंती केली. ते खुर्चीतून अर्धे उठले होते. तसेच क्षणभर राहिले, मग चष्मा लावून खाली बसले. लोक उठायला लागले. काकू अजून मंचाकडेच बघत होत्या.

"तुमचं कवा हाय?" त्यांनी विचारलं.

"आज येळ झालाय लय. पुढच्या सालाला."

काकूंनी मान हलवली. यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि काकूंचा पदर चाकात अडकू नये म्हणून वाकून सारखा केला. मी दोन पावलांवर होतो. ते माझ्याकडे बघून नेहमीसारखे हसले, म्हणाले, कार्यक्रम चांगला झाला.

काकू उन्हाळ्यात गेल्या.

तेरावा झाल्यावर मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. बैठक, प्रूफ, माझं गप्प राहणं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मनाला लावून घेऊ नका, म्हणाले. मग म्हणाले,

"आदल्या दिवशी सांगितलं असतं, तर तिला आणलं नसतं. सकाळपासनं लुगडं नेसून बसली व्हती."

त्या कागदावर काय होतं, मी विचारलं. ते म्हणाले, सगळ्यांची नावं, नेहमीप्रमाणे. शेवटी तिचं. माहेरच्या आडनावासगट.

मग घरी आल्यावर त्यांना वाचून दाखवलं का, असं मी विचारलं. असं विचारायला नको होतं.

"घरी कसं वाचणार? घरी तर आमी दोघंच. चार माणसांत घ्यायचं व्हतं तिचं नाव."

पुढच्या वर्षी मी कार्यकारिणीशी भांडलो. आभारप्रदर्शनापुढे त्यांचं नाव छापून घेतलं आणि पत्रिका घेऊन गेलो, तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, मुलीने नांदेडला नेलंय. मी फोन केला. आवाज खोल गेला होता, पण येतो म्हणाले. व्याख्यानमालेला चार दिवस असताना मुलीचाच फोन आला. सकाळी अंघोळ करून बसले होते, बसल्या जागीच गेले.

पत्रिका तोवर गावभर वाटून झाल्या होत्या. समारोपाला निवेदिकेने हळूच विचारलं, सर, आता आभार कोण मानणार? मी म्हटलं, मी मानतो. कौसाबाईंपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांची नावं मी दुपारीच विचारून घेतली होती. ती वाचली. त्यांचं नाव घेतलं. मग काकूंचं घ्यायचं, हे ठरवूनच मी वर गेलो होतो.

तिथे उभं राहिल्यावर कळलं, मला ते नावच माहीत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्या घरी जेवलो, आणि कधी विचारलं नव्हतं. समोर सभागृह भरलेलं होतं. त्यातले निम्मे लोक त्यांच्या हातची भाकरी खाल्लेले, आणि सगळे त्यांना काकूच म्हणत आलेले.