चौकापर्यंतची चक्कर

सासूबाईंना मी एकदा मोटारसायकलच्या दुकानात तारण ठेवलं होतं. आपण स्वखुशीने बसलो होतो, असं त्या आजही सांगतात. तिथला चहा चांगला होता, असंही सांगतात. पण दुकानवाल्यांच्या बाजूने पाहिलं, तर आमच्या घरातली एक वृद्ध बाई त्यांच्याकडे होती, त्यांची एक नवी गाडी आमच्याकडे होती, आणि आम्ही परत येत नव्हतो.

माझं माहेर म्हणायला सातारा जिल्ह्यातलं, पण मी वाढले झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत. वडील फौजेत होते. त्यांच्याकडे एक काळी, जड मोटारसायकल होती आणि ती त्यांनी मला चालवायला शिकवली. मुलगा नव्हता म्हणून नव्हे. मुलगा होता, पण तो पडायचा. शिवाय वडिलांना मागे बसून आजूबाजूचं बघत जायला फार आवडायचं. क्वार्टर्सच्या मागे पळसाच्या झाडांमधून जाणारा एक सरळ रस्ता होता. संध्याकाळी तिथे मी गाडी चालवायची आणि ते मागे बसून एवढंच म्हणायचे, "सावकाश. घाई कुठं आहे तुला?"

मग लग्न होऊन मी झाशीत, खंडेराव गेटच्या आतल्या जुन्या मराठी घरात आले. वडील निवृत्त होऊन गावी गेले आणि गाडी विकली गेली. सासरी मला कुणी बंदी घातली नाही. फक्त कुणाच्या मनात ती गोष्ट आली नाही आणि हळूहळू माझ्याही येईनाशी झाली. मी शाळेत भूगोल शिकवायला ई-रिक्षाने जाऊ लागले. मात्र परवान्याची मुदत संपत आली, की न चुकता नवा करून घ्यायची. आमचे हे विचारायचे, "कशाला?" मी म्हणायची, "असू दे. ओळख पटवायला लागतो."

गेल्या वर्षी वडील गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका चौराह्यावर माझ्या ई-रिक्षाशेजारी एक मोटारसायकल येऊन थांबली. लांबट, बसकी, आरामात पाय पुढे टाकून बसायची, जिला क्रूझर म्हणतात तसली. वर एक तरुण मुलगी होती. दिवा हिरवा झाला, तिने गाडी काढली, तो भारदस्त आवाज आला आणि माझा उजवा पाय आपसूक गियर टाकायला खाली गेला. (वडिलांच्या जुन्या गाडीचा गियर उजव्या पायाला होता आणि ब्रेक डाव्या.) खाली समोरच्या बाईंची टोमॅटोची पिशवी होती.

"दीदी, क्या हुआ?" बाईंनी विचारलं.

"कुछ नहीं. पापा की याद आ गई," मी म्हटलं. त्यांनी मला टोमॅटो माफ केले.

रात्री जेवताना मी सांगून टाकलं, "मला मोटारसायकल घ्यायचीय."

"कुणासाठी?" ह्यांनी विचारलं. हे महाविद्यालयात गणित शिकवतात आणि सायकलीपलीकडे कुठलंही वाहन शिकलेले नाहीत.

"माझ्यासाठी."

ह्यांनी वरणात लिंबू पिळलं, बिया काढल्या आणि म्हणाले, "बरं."

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, ताटावरून मान वर करून म्हणाल्या, "मागे बसायला जागा असते ना? मग घे. पण पसंत करायला मीही येणार."

म्हणून त्या रविवारी आम्ही तिघंही ललितपूर रोडवरच्या दुकानात गेलो. आईंनी पिशवीत हळदकुंकवाची डबी घेतली होती. "आज नुसती बघायची आहे," मी म्हटलं. "असू दे जवळ," त्या म्हणाल्या.

दारातच एक मोठी काळी क्रूझर उभी होती. विक्रेत्या तरुणाने ती चालू केली आणि मला पुढचं काही ऐकू येईना. तोच आवाज. मी वर बसले, तर जमिनीला फक्त चवडे टेकत होते. स्टँडवरून सरळ करायला गेले, तर ती जागची हलेना. दोन्ही बाजूंनी दोन माणसांनी धरून मला सरळ बसवलं.

"आदत पड़ जाएगी, मैडम," विक्रेता म्हणाला.

"किसको? इन दोनों को?" ह्यांनी त्या धरणाऱ्या माणसांकडे बघत विचारलं.

दुसरी गाडी हलकी होती, पण तिचे पायठेवे इतके पुढे होते, की तिथवर पोचायचं तर मला पाठीवर आडवं व्हावं लागलं असतं. तिसरी डाळिंबी रंगाची, बेताची, सगळ्यांत बुटकी. तिच्यावर बसल्याबरोबर दोन्ही तळपाय जमिनीला टेकले. सगळं कसं माझ्या मापाचं होतं. फक्त आवाज तो नव्हता. जरा गोड होता. शहाणपण डाळिंबीकडे आणि जीव काळीकडे, अशी मी बराच वेळ मधे उभी राहिले.

"टेस्ट राइड ले लीजिए. चौराहे तक जाइए और आ जाइए," विक्रेता डाळिंबी गाडीकडे बोट दाखवून म्हणाला. मागे तोच बसणार होता, पण आईंना ते पटलं नाही. "नहीं भैया, आप मत बैठिए. हमारा बेटा बैठेगा." विक्रेता घुटमळला. गाडी कुणाच्या भरवशावर द्यायची हा त्याचा प्रश्न होता. "मैं बैठी हूँ यहाँ. मेरे घुटने देखो, मैं कहीं भाग सकती हूँ?" आईंनी विचारलं. त्याने गुडघे पाहिले आणि किल्ली दिली.

सुरुवात बरी झाली. मग मी उजव्या पायाने गियर बदलायला गेले. आताच्या गाड्यांना तिथे ब्रेक असतो. ह्यांचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर आदळलं. असं दर गियरला होत गेलं. "मी काही चुकीचं बसलोय का?" ह्यांनी नम्रपणे विचारलं.

चौराहा आला. तिथून गाडी वळवून परत फिरायचं होतं. पण बुटकी असली तरी क्रूझर लांब, समोरून ट्रक येतायत, मागे नवरा, आणि एवढं मोठं वळण मी लग्नानंतर घेतलेलंच नव्हतं. वळवताना ती आडवी होणार अशी माझी खात्री झाली. मी सरळ पुढे गेले. म्हटलं, दुभाजकातल्या पुढच्या कटला मोकळा रस्ता मिळेल. तिथे एक ट्रॅक्टर उभा होता. त्याच्या पुढच्या कटला म्हशी होत्या.

"हाही गेला," हे म्हणाले.

"हो."

"घाबरलीस का?"

मी मनाशी तपासून पाहिलं. ट्रॅक्टरपर्यंत घाबरले होते. आता पाय आपापली कामं ओळखू लागले होते, वारा बाहीत शिरत होता, दोन्ही बाजूंना पळस लागले होते, आणि पाटीवर बबीना लिहिलेलं होतं.

"नाही," मी म्हटलं. मागे बसून हे आजूबाजूचं बघत राहिले.

बबीना समोर दिसायला लागलं आणि गाडी बंद पडली. टेस्ट राइडच्या गाडीत पेट्रोल चौकापुरतंच घालतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला.

"सर, आप लोग कहाँ हैं?" विक्रेत्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"बबीना के पास."

"सर, टेस्ट राइड चौराहे तक थी."

"चौराहा मैडम को जमा नहीं," हे म्हणाले. पलीकडे बरीच कुजबुज झाली आणि फोन आईंकडे गेला.

"विश्वास, तुम्ही दोघं माझी काळजी करू नका. चहा झाला. ती मोठी काळी आहे ना, तीच घ्यायची. वंदनाचा चेहरा मी पाहिला होता. मी गाडीला हळदकुंकू लावून टाकलंय."

मागून विक्रेत्याचा आवाज आला, "सर, माताजी ने नारियल भी मँगवाया है."

आम्ही गाडी ढकलायला लागलो. ढकलताना मी मराठीत जे काही बोलत होते ते ऐकून एक स्कूटर थांबली. फौजी केस कापलेला तरुण होता. "काय झालं ओ काकी? तेल संपलं का?"

तो हेल ऐकून माझे हात गाडीवरून सुटले. सातारचा होता. वडील गेल्यापासून तसं बोलणं कानावर पडलं नव्हतं. मला रडू आलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, पेट्रोलसाठी रडतेय. "अवो, रडू नगा, आत्ता आणतो," म्हणत तो गेला आणि खरोखरच बाटली भरून घेऊन आला.

"गाव कुठलं तुमचं?" त्याने विचारलं.

"इथलंच. बबीना."

तो हसला. मग मी हसत नाही असं पाहून बाटली टाकीत रिकामी करू लागला.

मी छावणीच्या फाटकापर्यंत गाडी नेली. आत क्वार्टर्स होत्या, मागचा तो रस्ता होता. फाटकावरच्या जवानाने हात आडवा केला. "पास है, मैडम?" पास नव्हता. माझं बालपण आत आहे, एवढ्या कारणावर तो सोडेल असं त्याच्याकडे बघून वाटलं नाही. "तो यहीं से मोड़ लीजिए."

हे उतरून बाजूला उभे राहिले. मी फाटकातून दिसतील तेवढी झाडं बघून घेतली. मग क्लच अर्धा धरला, मान जिकडे जायचं तिकडे वळवली आणि सावकाश, अगदी सावकाश, गाडी पुरती फिरवली. आडवी झाली नाही. जवानाने वळण पाहून मान डोलावली. तेव्हाच माझं ठरलं. काळीवर मी फक्त आवाज ऐकत बसले असते. हिच्यावर जाता येत होतं.

दुकानात पोचलो तेव्हा काळी क्रूझर हळदकुंकू, नारळ आणि झेंडूच्या हारासह सजून उभी होती. मी आईंना माझा निर्णय सांगितला. त्यांनी काळीच्या टाकीवरून हात फिरवला. "मग हिला लेक समजू. ओटी भरून झाली, जाईल चांगल्या घरी." आणि डबी काढून डाळिंबीकडे वळल्या. विक्रेत्याने भिंतीला टेकून डोळे मिटले.

आता दर रविवारी मी त्या फाटकापर्यंत जाते, गाडी वळवते आणि परत येते. निघण्याची तेवढी जरा पंचाईत आहे. आमच्या गल्लीत एवढी लांब गाडी फिरत नाही आणि मोटारसायकलला उलटा गियर नसतो. म्हणून मी वर हेल्मेट घालून ताठ बसते, हे मागून धरून ओढतात, आणि माझ्या वर्गातल्या मुलींच्या नमस्कारांचा स्वीकार करत मी खंडेराव गेटपर्यंत उलटी जाते. गाडी कशी चालते, असं लोक विचारतात. मी सांगते, छान चालते. फक्त ह्यांना दम लागला, की मधे जरा थांबते.