धाकटीच्या तळव्यातला कारागीर

धाकटी म्हणजे माझ्या बायकोची बहीण. ती चामड्याच्या पिशव्या शिवते. घराच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली तिची बैठक. समोर दगडी पाटी, पाटीवर भोकं पाडायची आरी, मेणाचा गोळा आणि लाकडी घोटणी. नवं चामडं ताठर असतं. त्याला तेल चोळून ती घोटणीने असं रगडते की ते मुकाट्याने दुमडतं. तिच्या हाताखाली चामडं सरळ येतं, असं तिची सासू सांगायची, आणि हळूच जोडायची की माझा मुलगाही तसाच सरळ आला.

गेल्या वर्षी चामडं कापताना मुठीतली सुरी निसटून उलटली आणि उजव्या हाताच्या तर्जनीच्या मुळाशी, तळव्यात खोल गेली. बोट वाकवणारी आतली दोरी तुटली. शस्त्रक्रिया झाली, टाके निघाले, जखम भरली. पण बोट वाकेना. डॉक्टर म्हणाले, भरून येताना जखमेने त्या दोरीलाही धरून ठेवलं आहे, आता व्रण हळूहळू मोकळा करायला हवा. बोट वाकलं नाही तर आरी कधीच धरता येणार नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मलम लावून बोटाच्या पेराने हलकं चोळायला सांगितलं. धाकटीने मान डोलावली आणि घरी येऊन तिला येत होतं तेच केलं. तेल घेतलं, घोटणी घेतली. आठवडाभरात तळवा लाल होऊन सुजला, व्रण सुतळीसारखा वर आला आणि बोट होतं त्याहून ताठ झालं.

"भावोजी, एवढ्या म्हशींची कातडी नरम केली," ती मला म्हणाली, "आणि ही माझीच ऐकेना."

"म्हशी उलट बोलायला उरल्या नव्हत्या," मी म्हटलं. ती हसली, पण हात तिने पाठीमागेच ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा आणि मी तिला घेऊन गेलो. बाईंनी तळवा पाहिला आणि कशाने चोळलं ते विचारलं. नवऱ्याने पिशवीतून घोटणी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती उचलून पाहिली आणि शांतपणे खाली ठेवली.

"चामडं मेलेलं असतं, ताई. हे जिवंत आहे. असं रगडलंत की त्याला वाटतं पुन्हा जखम झाली, मग ते आणखी घट्ट शिवून घेतं."

"कोण शिवतं?"

"तुमचंच शरीर."

"मला न विचारता?"

"तुम्ही झोपलेल्या असतानाही."

धाकटी बराच वेळ तळव्याकडे बघत राहिली. दुसऱ्याच्या हातची शिलाई ती अशीच बघते. मग म्हणाली, "हात चांगला आहे त्या शिवणाऱ्याचा. फक्त थांबायचं कुठे ते कळत नाही."

त्यानंतर घोटणी फळीवर गेली. सूज उतरेपर्यंत तिने हात लावला नाही. मग रोज खिडकीशी बसून डाव्या अंगठ्याचं पेर व्रणावर टेकवायची आणि वरची कातडी आतल्या थरावरून इंचभरही नाही, जेमतेम सरकेल एवढीच हलवायची; उभी, आडवी, गोल. मग बोट हलकेच वाकवून धरायची, सोडायची. रात्री व्रणावर सिलिकॉनची मऊ पट्टी. तिच्या जागेवर नवरा शिवायला बसला होता. त्याचे टाके ती नुसत्या आवाजावरून चुकीचे ठरवी.

काही महिन्यांनी मी आणि बायको तिच्याकडे गेलो तेव्हा व्रण फिकट, सपाट झाला होता. तिने माझा अंगठा त्यावर टेकवला आणि बोट वाकवलं. माझ्या अंगठ्याखाली काहीतरी सरकलं. बारीक, निमूट, नेफ्यातून नाडी ओढावी तसं. तुटलेलं, शिवलेलं, चिकटलेलं आणि पुन्हा सुटलेलं. मी हात काढला नाही. तिने आणखी एकदा वाकवून दाखवलं. बोट तळव्याला टेकत नव्हतं, थोडं उरलंच होतं.

मग तिने आरी उचलली. बोट तिच्याभोवती वळलं आणि राहिलं. एका तुकड्यात तिने भोक पाडलं, दुसरं पाडलं.

"अहो, उठा आता," ती नवऱ्याला म्हणाली. तो उठला. बैठकीवर बसून तिने त्याने शिवलेला पट्टा उजेडात धरला, आणि उसवायला घेतला.