भट्टीसमोर पूर्ण पाळी उभ्या राहिलेल्या कर्णिकबाई

कर्णिकबाई पंचाहत्तरीच्या झाल्या हे कळताच आम्हा सहकाऱ्यांनी आधी आपापली वये मोजली! त्यांची माझी ओळख ऐंशीच्या दशकातली. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात कोणत्या कामाला कोणती कौशल्ये लागतात, याचा तक्ता बाई तयार करीत असत. मी त्यांच्या हाताखाली नवा लागलो होतो. पदवी ताजी होती, त्यामुळे अक्कल सगळी माझ्याकडेच.

त्या वर्षी स्वयंचलित भट्टी येणार होती आणि जुन्या भट्टीवरचे 'हेल्पर' कमी होणार होते; कोणाला ठेवायचे ते या तक्त्यावरूनच ठरणार होते. चेंदणी कोळीवाड्यातले काशिनाथदादा त्यांपैकीच एक. त्यांच्या कामाचा तक्ता बाईंनी माझ्याकडे सोपवला. "काय काम करता?" मी विचारले. दादा संकोचून म्हणाले, "काय नाय साहेब, उभा रवतो न् बगतो." मी लिहून टाकले : माल टाकणे, काढणे, देखरेख.

"तिथं किती वेळ उभे होतात?" बाईंनी विचारले.

"पाच-दहा मिनिटं, मॅडम."

"मग चला."

पदर खोचून बाई पूर्ण पाळी भट्टीसमोर उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी चिमटा घेऊन त्यांनी स्वतः भट्टीतून तापलेला एक लोखंडी नग काढला. तो वाया गेला. दुसऱ्याला हात घालताच दादा ओरडले, "नको बाय! लाल हाय अजून, केशरी होऊं दे. तो गरमीचा काटा खोटा दाखवतं." मग नग बुडवून थंड करायचे तेल किती तापले हे वासावरून कसे ओळखायचे, तेही त्यांनी सांगितले. बाई मला म्हणाल्या, "सावंत, माणूस आपलं काम सांगत नाही. आपण चुकलो की दाखवतो."

कामगाराला वाचून दाखवल्याशिवाय तक्ता साहेबांकडे पाठवायचा नाही, हा बाईंचा शिरस्ता. माझ्या एका ओळीची आता दोन पाने झाली होती. दादांनी ती शांतपणे ऐकली आणि हळूच विचारले, "बाय, येवरा सगला मना येतं?"

ते पद कुशल ठरले. नवी भट्टी दादांच्याच हाती आली.

तक्त्याखाली बाईंनी फक्त माझी सही घेतली. माझ्या आळसापायी एका घराची चूल विझणार होती, हे त्यांनी कधी कोणाला कळू दिले नाही. आज मीच सांगून टाकतो. हे वाचून बाई माझ्यावर नक्की रागावतील. असे रागवायला त्या ठणठणीत प्रकृतीने अजून खूप वर्षे आमच्यात असाव्यात, एवढेच मागणे.