अंबाडी निवडायची चकती

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आधी कापसाचं बियाणं आणि फवारणीची औषधं विकायचा. महागावच्या आसपास गावोगाव फिरायचा आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. मग कापसाची ती वाईट वर्षं आली. शेतं हातची गेली तसे लोक त्याच्या तोंडाकडे बघेनासे झाले. फुलसावंगीच्या एका दुकानदाराने तर त्याला पायरीही चढू दिली नाही. दुसरा कुणी असता तर चार दिवस घरात बसला असता. आमचे भाऊजी स्वयंपाकघरातल्या वस्तूंची एजन्सी घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

वस्तू कसली, तर हिरव्या प्लास्टिकची चकती. तळहाताएवढी, तिला लहानमोठी भोकं. भाजीची काडी भोकात घालायची, पलीकडून ओढायची, की पानं अलीकडे गळून पडणार. कडेला एक बोथट पातं होतं, ते सांबार चिरायला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात.

"मामी, बायांचा अर्धा दिवस वाचते याच्यानं," भाऊजी आईला म्हणाले. आमच्याकडे जावई सासूला मामीच म्हणतो.

"अन् त्या अर्ध्या दिवसाचं बायांनी करावं काय?" मी विचारलं. "कापूस येचाले तं कोनी बोलावून नाई राह्यलं."

आईने डोळे वटारले. जावयाला उलट बोललेलं तिला खपत नसे. वडील गेल्यापासून तर या माणसासमोर ती डोक्यावरचा पदरही ढळू देत नव्हती. बहीण मुकाट्याने खोकं उघडत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप येत होता.

रविवारी विहारात वंदना झाली की बायांना चकती दाखवायची, हे त्याने आईकडून कबूल करून घेतलं. आई बिचारी घरोघर सांगत फिरली. वंदना झाली, बाया सतरंजीवर सरकून बसल्या, आणि भाऊजी उभे राहून भाषण देऊ लागले. मेथी निवडायला भाषण!

आधी मेथीच घेतली. कोवळ्या काड्या भोकात जाताच मोडल्या. पानं भोकाच्या तोंडाशी चुरगळली. सांबाराचा तर पात्याखाली ओला लगदा झाला. "भाजी ताजी नाई," भाऊजी म्हणाले. आईने ती सकाळीच परसातून आणली होती. मग त्यांनी अंबाडी उचलली. तिचं जाड देठ लहान भोकात शिरेना, आणि मोठ्या भोकातून पानांसकट सगळंच आरपार जाई. त्यांनी पाय रोवून जोर लावला. चकतीचे दोन तुकडे झाले आणि भाऊजी मागच्या मागे बसले.

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "भाऊ, याच्यापरीस दातानं तोडली तं लौकर होईन."

भाऊजींचं तोंड लाल झालं. "वस्तू चांगली हाय. तुमाले वापरता येत नाई, त्याले कोन काय करन?"

मग आई बोलली. आवाज चढवला नाही तिने. "बियान्याच्या वक्तालेई तुमी हेच म्हनलं होतं, जावईबापू. औषध बराबर मारलं नाई म्हने लोकायनं."

बायांच्या तोंडावरचे पदर खाली आले. समोर बसलेल्यांपैकी निम्म्या बायांच्या घरी तेच बियाणं पेरलं गेलं होतं. भाऊजींनी खोकं बांधलं आणि बहिणीला म्हणाले, "चाल."

ती सतरंजीवर सांडलेली पानं गोळा करत होती. "तुमी व्हा पुढं. मी नाई येत."

तो एकटाच गेला. बहीण आमच्याकडे राहिली आणि पुढचे कित्येक दिवस मी अगदी फुशारून गेले होते. भाऊजींची नक्कल करून मी तिला हसवायची. ती हसायचीही.

दिवाळीच्या आधी एका सकाळी तो आला. पाणी गाळायच्या फिल्टरची एजन्सी मिळतेय, म्हणाला. त्याच तोऱ्यात! आईने त्याला जेवू घातलं, पण पदर सावरला नाही, एवढं मी पाहिलं. बहीण आत कपडे भरत होती.

"पुन्हा त्याच्याचसोबत जातं?" मी विचारलं. "तुले त्याची काहीच चीड येत नाई?"

"तुह्यापेक्षा जास्त येते," ती म्हणाली. "तू त्याले दोन-चार दिवस पाह्यलं. मी रोज पाह्यते. पन चीड आली म्हनून माह्यं घर सोडू काय?"

मला त्याची किळस होतीच, त्या क्षणी तिचीही वाटली. फाट्यापर्यंत त्यांना सोडायला मी गेले नाही. आई गेली.