परीक्षक रिंगणात

मंडळी, आत्ताच कृष्णाकाठच्या जलशातून परततोय. बत्त्यांचं रॉकेल रेशनवर, म्हणून जलसा भर दुपारीच ठेवला होता. नाचांची स्पर्धा होती, परीक्षकांत मीही होतो.

आटपाडीकडचे धनगर ढोल मध्ये घेऊन गजी नाचायला लागले. रिंगण धरलेलं, त्यामुळं निम्म्यांची पाठ आमच्याकडं! मी ओरडलो, "ओळीत उभे राहा, नाहीतर बाद!"

बिचारे ओळीत उभे राहिले. लगेच पावलं चुकली, ढोलही अडखळला.

त्यांचा म्होरक्या म्हणाला, "आवं मास्तर, एकमेकांची तोंडं दिसली न्हाईत तर पाय कसं जुळायचं? तुमीच मधी या की!"

गेलो. ढोलाशेजारी उभा राहिलो. पुन्हा रिंगण फिरलं आणि काय सांगू, धुरळ्यातलं प्रत्येक तोंड माझ्याकडं बघून हसत होतं. माझेही पाय हलले.

आता तुम्हीच सांगा, सोबत नाचलेल्या माणसानं गुण द्यायचे कसे?