बारावर पान घेणाऱ्या बाई

“शी टुक द बस्ट कार्ड!” रॉन ओरडला आणि त्याने टेबलावर इतक्या जोरात मूठ आपटली की माझ्यासमोरची चिप्सची चळत घसरली.

तो माझ्यावर ओरडत नव्हता. शेवटच्या खुर्चीवर सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. सलवार-कमीज आणि वर मुलीचं ढगळ विंटर जॅकेट. आयुष्यात पहिल्यांदा ब्लॅकजॅक खेळत होत्या आणि त्यांनी काडीचीही चूक केली नव्हती. मला ते माहीत होतं, आणि बोलायची मुभा नव्हती.

मी कॅल्गरीतल्या एका कॅसिनोत डीलर आहे, म्हणजे पत्ते वाटणारा. इथे आलो होतो पाइपलाइन डिझाइन करायला. तेलाचे भाव पडले, ऑफिसने आमचा अर्धा मजला रिकामा केला, आणि मी तात्पुरतं काम म्हणून सहा आठवड्यांचा डीलिंगचा कोर्स केला. ते तात्पुरतं अजून चालू आहे.

त्या दुपारी बाहेर उणे अठ्ठावीस होतं. गवईबाई अकोल्याच्या. गणिताच्या शिक्षिका म्हणून रिटायर झालेल्या, मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. हे मला नंतर कळलं. त्या वेळी फक्त त्यांची मुलगी प्रज्ञा मागे उभी राहून “आई, नक्की बसतेस ना?” म्हणाली, तेवढ्यावरून मी ओळखलं की आपली माणसं आहेत. पण आमच्याकडे नियम आहे: टेबलावर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नाही. डीलर आणि खेळाडू संगनमत करतील ही भीती. मी नुसतं “वेलकम” म्हणालो.

बाईंनी नोटा माझ्या हातात द्यायला पुढे केल्या. सगळे नवखे हेच करतात. मी त्या हिरव्या कापडावर ठेवायला सांगितल्या. हातात काही घ्यायचं नाही, सगळं वरच्या कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे. पान हवं असेल तर टेबलावर बोटाने टकटक करायचं, नको असेल तर तळवा आडवा फिरवायचा. तेही कॅमेऱ्यासाठीच. तोंडाने बोललेलं धरलं जात नाही. बाईंनी मान डोलावली आणि पर्समधून एक छोटं छापील कार्ड काढलं. आम्ही त्याला ‘बुक’ म्हणतो. तुमच्याकडे अमुक बेरीज आणि डीलरचं तमुक पान असेल तर काय करावं, याचा हिशेबाने काढलेला तक्ता. टेबलावर ठेवायला पूर्ण परवानगी असते. नवख्यांना एवढंच सांगतो: ते कार्ड आणा, लाजू नका.

आता तो डाव. खेळ साधा आहे. पानांची बेरीज एकवीसच्या जवळ न्यायची. एकवीसच्या पुढे गेलात की बस्ट, म्हणजे बाद. डीलरचं एक पान उघडं, एक पालथं. डीलरला स्वतःचं डोकं चालवायची परवानगी नाही. सोळापर्यंत पान घ्यायचं, सतरा झाले की थांबायचं. माझं उघडं पान तिर्री होतं. रॉनकडे वीस. बाईंकडे बारा. त्यांनी कार्डावर बोट फिरवलं आणि टेबलावर टकटक केलं. दहा आलं. बस्ट. मी माझं पालथं पान उघडलं, दहा. झाले तेरा. पुढचं पान अठ्ठी. एकवीस. रॉनचे वीस हरले. मी सगळी पानं गोळा करून टेबल साफ केलं.

मग तो ओरडला. त्याचं म्हणणं असं की बाईंनी दहा घेतलं नसतं तर ते मला आलं असतं आणि मी बस्ट झालो असतो. त्या एका डावापुरतं खरं आहे. पण बाईंनी ते घेतल्यामुळे डीलर बुडाला असंही तितक्याच वेळा होतं, आणि तेव्हा कोणी उठून त्यांचे आभार मानत नाही. बारावर तिर्रीसमोर पान घ्यावं हेच बुक सांगतं. मला चीड याची की रॉन आठवड्यातून चार दिवस इथे येतो आणि डीलरचा एक्का दिसला की दर वेळी इन्शुरन्स घेतो. म्हणजे डीलरला ब्लॅकजॅक, पहिल्या दोन पानांतच एकवीस, लागेल यावर वेगळी पैज. नवख्यांनीही घेऊ नये असली ती गोष्ट. आणि हा माणूस दुसऱ्याला खेळ शिकवत होता.

“सर, आय फॉलोड द चार्ट,” बाई शांतपणे म्हणाल्या.

“इथे आम्हाला कळतं कधी थांबायचं ते,” तो इंग्रजीत म्हणाला. “जिथून आलात तिथे जाऊन शिका.”

प्रज्ञाचा चेहरा लाल झाला. “आई, ऊठ. लेट्स गो, प्लीज.”

मी हात वर करून फ्लोअर सुपरवायझरला बोलावलं. ट्रेसी आली. चार-पाच टेबलं तिच्या देखरेखीखाली असतात. मी तिला रॉन काय बोलला ते शब्दाला शब्द सांगितलं. तिने रॉनच्या खांद्यावर हात ठेवला. रॉनच्या! मग बाईंकडे वळून गोड आवाजात म्हणाली, “मॅम, पलीकडे बिगिनर्ससाठी छोटं टेबल आहे. तिथे तुम्हाला जास्त कम्फर्टेबल वाटेल.”

बाईंनी कार्ड उचललं. ते पर्समध्ये टाकून त्या उठल्या. माझ्या डोक्यात सणक गेली.

“काकू, तुम्ही बरोबर खेळलात,” मी मराठीत म्हणालो. “उठायची काही गरज नाही.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग परत बसल्या.

“ही इज टेलिंग हर व्हॉट टु डू!” रॉन म्हणाला. “त्यांच्या भाषेत!”

दहा मिनिटांत मला टेबलावरून काढलं. ऑफिसात ट्रेसीने दार लावून घेतलं.

“लाइव्ह गेमवर दुसरी भाषा बोललास, मिलिंद. आता त्याने कल्युजनची तक्रार केली आहे.”

कल्युजन म्हणजे संगनमत. ते सिद्ध झालं तर नोकरी जाते आणि गेमिंगचं रजिस्ट्रेशनही. मग प्रांतातल्या कुठल्याच कॅसिनोत उभं राहता येत नाही.

“आणि तो काय बोलला ते?”

“कॅमेऱ्याला आवाज नसतो.”

“मी आवाज आहे ना! तुला तिथेच सांगितलं.”

“तो रेग्युलर आहे,” ती म्हणाली. एवढंच.

मला बिनपगारी घरी बसवलं. नऊ दिवस. बायको म्हणाली, “एक वाक्य इंग्रजीत बोलला असतास तर?” तिचं बरोबर होतं, आणि त्यामुळे मला अजूनच राग आला. मी ड्राइव्हवे शोव्हल करायचो आणि बर्फाशी भांडायचो.

पाचव्या दिवशी प्रज्ञाचा फोन आला. मला टेबलावरून काढताना तिने बघितलं होतं, म्हणून तिने कॅसिनोत चौकशी केली होती आणि तिथल्या एका डीलरने माझा नंबर दिला होता. मग बाई फोनवर आल्या.

“भाऊ, तुमची नोकरी काहून धोक्यात? तुम्ही मला पत्ते सांगितलेच नाहीत.”

“त्यांना ते कळत नाही, काकू.”

“मग लिहून देते. त्यांना कळेल असं.”

दुसऱ्याच दिवशी त्या प्रज्ञाला घेऊन कॅसिनोत गेल्या आणि दोन पानी पत्र देऊन आल्या. शिक्षिकेच्या स्वच्छ अक्षरात इंग्रजी. रॉनचे शब्द. माझं मराठी वाक्य, खाली भाषांतर. आणि क्रमवार नोंद: त्यांनी घेतलेलं पान, डीलरची पानं, डीलरने पत्ते उचलून टेबल साफ केलं, त्यानंतर आरडाओरडा, त्यानंतर सुपरवायझर, त्यानंतर हे वाक्य. शेवटी एक ओळ: ‘डाव संपल्यावर दिलेल्या उत्तराला कॉपी म्हणत नाहीत.’

कॅमेरे बघणाऱ्या सर्व्हेलन्स विभागाने ते फुटेजशी ताडून बघितलं. क्रम तंतोतंत जुळला. मी बोललो तेव्हा टेबलावर एकही पान नव्हतं. कल्युजनचा आरोप मागे घेतला. नऊ दिवसांचा पगार मिळाला. भाषेचा नियम मोडल्याबद्दल लेखी वॉर्निंग मात्र कायम राहिली. मी सही केली, कारण नियम मी मोडलाच होता.

रॉनला काहीही झालं नाही. मी परत रुजू झालो त्या दिवशी तो बुफेचं फुकट कूपन घेऊन रांगेत उभा होता. ते कूपन ट्रेसीने त्याला ‘झालेल्या त्रासाबद्दल’ दिलं होतं. ते मी अजून गिळू शकलेलो नाही.

बाई परत खेळायला आल्या नाहीत. मी फोन करून विचारलं तर म्हणाल्या, “खेळ समजला. माणसंही समजली. आता काय करू येऊन?”

नवख्या माणसाने टेबलावर काय करावं, असं लोक मला विचारतात. पत्त्यांचं कार्डावर लिहिलेलं आहे, ते वाचा. शेजारचा ओरडला तर वाद घालू नका आणि उठूही नका. सुपरवायझरला बोलवा, इन्सिडेंट रिपोर्ट, म्हणजे घडल्या प्रकाराची लेखी नोंद, मागा, आणि तो तुमच्यासमोर लिहवून घ्या. तोंडी ऐकून ते मान डोलावतात, आणि पुढे तुम्हालाच दुसऱ्या टेबलावर बसायला सांगतात.